गेंडा, शहामृग आणि हरिभाऊ वाकणकर

इंदूर-उज्जैनच्या मराठी घरांत साठीच्या पुढच्या मंडळींना डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर कोण हे सांगावे लागत नाही. नव्या पिढीला मात्र भीमबेटका ठाऊक असते, शाळेच्या सहलीचे फोटो मोबाइलमध्ये असतात, पण त्या गुहा जगापुढे आणणारा माणूस आपल्याच माळव्यातला, घरात आपल्यासारखेच मराठी बोलणारा होता हे ऐकून मुलांना नवल वाटते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हरिभाऊंचे चरित्र घेतले. त्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली आहेत आणि पदव्या, पुरस्कार, उत्खनने यांची यादी त्यांत मिळेल. आम्हाला त्यांच्या आयुष्यातला एकच धागा धरायचा आहे, तो म्हणजे पाण्याचा. हजारो वर्षांपूर्वी आपल्या या भूमीत पाणी कधी वाढले, कधी आटले आणि त्याच्यामागे माणूस कसा सरकत गेला, याच्या खुणा हरिभाऊंनी जन्मभर वेचल्या. त्यांतल्या काहींचा अर्थ त्यांना उमगला होता, काहींचा त्यांच्यानंतर लागला.

पाण्याची गोष्ट आम्ही राऊकरांनी सांगावी याला एक कारण आहे. राऊहून महूच्या पुढे गेले की विंध्याचा कडा लागतो. तिथल्या जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावते. ती उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच कड्यावरून पलीकडे उतरणारी चोरल पाताळपाण्याची उडी घेऊन नर्मदेला मिळते आणि ते पाणी खंबातच्या आखाताकडे जाते. एकाच ढगातले दोन थेंब दोन समुद्रांना! माळव्यात पावलापावलावर पाणी अशी जुनी ख्याती. पण आज इंदूरचा नळ चालतो तो जलूदहून, नर्मदेचे पाणी कडा चढवून वर आणल्यामुळे. सिरपूर, बिलावली, यशवंतसागर हे आपले तलावसुद्धा माणसाने बांध घालून केलेले. निसर्गाने दिलेला मोठा तलाव इथे जवळपास नाही. मग लाखभर वर्षांपूर्वी इथला माणूस प्यायला पाणी कुठून आणत होता, आणि पावसाने पाठ फिरवली की कुठे जात होता?

हरिभाऊंचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमचला झाला. नीमच म्हणजे तेव्हाची इंग्रजांची छावणी. शिंदे-होळकर-पवारांच्या मागोमाग आलेली मराठी कुटुंबे माळव्यात गावोगाव रुजली, त्यांतलेच वाकणकरांचे एक. मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता. मुंबईची चित्रकलेची शासकीय पदविका त्यांनी मिळवली आणि पुढे उज्जैनला भारती कला भवन काढून मुलांना चित्रकला शिकवली. पुरातत्त्वाकडे ते आले ते या वाटेने. आम्हीही पदविकावालेच असल्यामुळे ही गोष्ट जरा अभिमानाने सांगतो. मोठी पदवी त्यांच्या नावापुढे लागली ती बऱ्याच उशिरा, १९७३ साली. पुणे विद्यापीठाची ही डॉक्टरेट भारतातल्या चित्रित शैलाश्रयांवर होती आणि मार्गदर्शक होते डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया. तोवर त्यांच्या पायांखालून किती कोस गेले होते याला गणती नाही.

चित्रकार असण्याचा फायदा असा की दगडावरची फिकट रेघ त्यांना दिसायची. सामान्य माणसाला जिथे शेवाळ आणि पाण्याचे ओघळ दिसतात तिथे त्यांना हरणाचे शिंग दिसे. १९५४च्या सुमारास त्यांनी चंबळच्या खोऱ्यात, भानपुरा-मोडीच्या बाजूला शैलचित्रांचा शोध सुरू केला. त्याच काळात त्या खोऱ्यात गांधीसागर धरणाचे काम चालले होते. एकीकडे नवे पाणी अडवले जात होते आणि दुसरीकडे हा माणूस पिशवी खांद्याला लावून जुन्या पाण्याकाठी राहिलेल्यांची चित्रे कागदावर उतरवून घेत होता. चित्र उतरवणे म्हणजे नुसता फोटो काढणे नव्हे. एका भिंतीवर पाच-पाच, सहा-सहा थर असतात. आधी कोणीतरी रानरेडा काढलेला, त्याच्यावर कोणी हरिण, त्यावर शेवटी घोडेस्वार आणि तलवारी. कोणती रेघ कोणत्या रेघेवरून गेली आहे हे डोळ्यांत तेल घालून पाहायचे, तेव्हा कुठे आधीचे कोण आणि नंतरचे कोण हे ठरते. ही कालगणना करताना हरिभाऊंचा हात आणि डोळा दोन्ही कामी आले.

भीमबेटक्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगितलीच पाहिजे. १९५७ साली भोपाळहून इटारसीकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्यांना डोंगरावर चमत्कारिक आकाराचे खडक दिसले. पुढच्या स्टेशनावर ते उतरले आणि रानातून चालत वर गेले. त्या जागेचे नाव कागदोपत्री नवे नव्हते. १८८८ साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक आदिवासींकडून ऐकून त्याची नोंद केली होती, पण बौद्ध अवशेष एवढीच. सत्तर वर्षे ती नोंद तशीच पडून राहिली. सरकारी नोंदींचे असे होते, हे आम्हाला घरचेच उदाहरण म्हणून सांगता येईल. नोंद करणारा जागेवर गेला नाही की ओळ खरी असूनही मुकी राहते. हरिभाऊ जागेवर गेले. आज त्या टापूत सातशेहून अधिक शैलाश्रय मोजले आहेत आणि त्यांतल्या चारशेहून अधिक आश्रयांत चित्रे आहेत. १९७०नंतर तिथे उत्खनने झाली. एका बाजूला हरिभाऊ आणि विक्रम विद्यापीठाची मंडळी खणत होती, दुसऱ्या बाजूला डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र. एकाच आश्रयाच्या तळाशी लाखभर वर्षांहून जुन्या दगडी कुऱ्हाडी आणि वरच्या थरात नखाएवढी बारीक गारगोटीची पाती अशी माणसाची चळत सापडली.

आता आम्ही ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. भीमबेटका आणि मध्य भारतातल्या इतर आश्रयांत हरिणे, सांबर, गवे, रानरेडे, हत्ती, वाघ, डुक्कर, मोर हे तर आहेतच. पण गेंडाही आहे. काही ठिकाणी भालेवाले त्याला घेरून उभे आहेत. चित्र काढणाऱ्याने गेंडा ऐकून काढलेला नाही, पाहून काढला आहे हे त्याच्या ठेवणीवरूनच कळते. आता गेंडा आज कुठे मिळतो? आसामात काझीरंग्याला, किंवा नेपाळच्या तराईत. त्याला पुरुषभर उंच गवत लागते, दलदल लागते, दिवसातून काही वेळ लोळायला पाणी लागते. रायसेन जिल्ह्याच्या त्या कोरड्या पानझडीच्या रानात, जिथे मे महिन्यात पाण्यासाठी टँकर फिरतात, तिथे गेंडा कसा? याचे उत्तर एकच, की चित्र काढले गेले तेव्हा तिथले पाणी वेगळे होते. डोंगराखालच्या सखल भागात पाणथळी होत्या आणि त्या वर्षभर टिकत होत्या.

हा तर्क एका चित्रावर उभा नाही. गुजरातेत मेहसाण्याजवळ लांघणज नावाचे गाव आहे. १९४४ साली सांकलिया आणि आपल्या इरावतीबाई कर्वे तिथे गेले आणि वाळूच्या टेकड्यांमध्ये त्यांनी मध्याश्मयुगातल्या माणसांची वस्ती शोधली. टेकड्यांच्या मधल्या खळग्यांत पावसाचे पाणी साठून तळी होत. ही माणसे त्यांच्या काठाने राहत, मासे धरत, हरिणे मारत, आणि आपले मृत त्याच वाळूत पुरत. इरावतीबाई तिथे गेल्या त्या मुख्यतः या माणसांच्या सांगाड्यांसाठी. त्या ठिकाणी जनावरांच्या हाडांत गेंड्याचे हाड निघाले. गेंड्याच्या खांद्याचे रुंद हाड त्या लोकांनी ऐरणीसारखे वापरले होते. त्यावर ठोकल्याच्या खळ्या आहेत. उत्तर गुजरातेत गेंडा! भीमबेटक्याच्या भिंतीवरचा गेंडा आणि लांघणजच्या वाळूतला गेंडा एकमेकांचे साक्षीदार झाले, आणि एका जागेचे गुरू सांकलिया तर दुसऱ्या जागेचे शिष्य वाकणकर, हा योगायोग आम्हाला फार आवडतो.

तळ्यांचा इतिहास वाचायची रीतही इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागेल. तलावाच्या तळाशी दरवर्षी गाळाचा पातळ थर बसतो. पाणी खोल असेल तर गाळ बारीक आणि काळसर बसतो. पाणी आटू लागले की खडे मीठ, जिप्सम अशा क्षारांचे थर बसतात. काठच्या झाडा-गवतांचे पराग त्यात पडतात आणि हजारो वर्षे कुजत नाहीत. तळात लांब नळी घालून तो गाळ अखंड काढला की वरून खाली जाताना आपण काळाच्या मागे मागे जातो. राजस्थानातल्या डिडवाण्याच्या खाऱ्या तळ्यात असा गाळ काढला गेला. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या कडाक्यात, ते तळे नुसते मिठाचे डबके होते. त्या वेळी जगभर बर्फात एवढे पाणी अडकले होते की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि आपला मान्सून दुबळा पडला होता. पुढे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचा कल आणि सूर्याभोवतीची तिची फिरण्याची वाट यांत जो संथ फरक पडत असतो त्याने उन्हाळ्यात उत्तर गोलार्धाला ऊन जास्त मिळू लागले, जमीन जास्त तापली, मान्सून जोरात आला. सात-साडेसहा हजार वर्षांपूर्वी तेच डिडवाणे गोड्या पाण्याने तुडुंब होते. चार हजार वर्षांपूर्वी ते पुन्हा आटले. भीमबेटक्यातली बहुतेक चित्रे याच ओल्या काळातली असे बरेच अभ्यासक मानतात. हरिभाऊ मात्र त्यातली काही हिरवी चित्रे हिमयुगाच्या काळापर्यंत मागे नेत, कारण त्या काळच्या थरात त्यांना हिरव्या मातीचे तुकडे सापडले होते. हा वाद मिटलेला नाही.

हे केवळ आपल्याकडचे नाही. आफ्रिकेत टांझानियाच्या ओल्डुवाई घळीत जे सर्वांत जुने दगडी अवजारांचे ढीग सापडले ते एका प्राचीन तळ्याच्या काठी. सुमारे अठरा-वीस लाख वर्षांपूर्वीचे ते तळे कधी पसरायचे, कधी आकसायचे, आणि माणसाचे पूर्वज त्या हलत्या काठाबरोबर हलायचे. सहाराच्या वाळवंटात तसिलीच्या खडकांवर पाणघोडे आणि गाईगुरांचे कळप रंगवलेले आहेत. तेव्हा तिथे तळी होती आणि गवत होते. पाच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास पाऊस मागे हटला तसे ते लोक नाईलच्या काठाकडे आणि दक्षिणेकडे सरकले. आपल्या नर्मदेच्या गाळातही पाणघोड्याची हाडे मिळतात. त्याच गाळात, होशंगाबादजवळ हथनोऱ्याला, १९८२च्या डिसेंबरात भूवैज्ञानिक अरुण सोनकियांना मानवाच्या कवटीचा वरचा भाग सापडला. भारतात मिळालेला तेवढा जुना मानवी अवशेष दुसरा नाही. नर्मदेचे पाणी पिताना आपल्यापैकी कितीजणांना हे आठवते? आम्हाला तरी हा लेख लिहायला बसेपर्यंत आठवत नव्हते.

आता गेंड्याच्या उलट बाजूचा पक्षी. भीमबेटक्याच्या, हरिभाऊंनी खणलेल्या एका आश्रयात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले. गोल घासलेले, मधे भोक पाडलेले, टिकलीएवढे. शहामृग म्हणजे मोकळ्या माळरानाचा, कोरड्या गवताळ प्रदेशाचा पक्षी. दलदलीत तो जगायचा नाही. त्या मण्यांच्या जोडीला माळव्यात आणि राजस्थानात जागोजाग अशा कवचांचे तुकडे सापडू लागले. महाराष्ट्रातही जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण्याला १९७२-७३ साली साळी यांनी केलेल्या उत्खननात असे तुकडे निघाले, त्यांतल्या एकावर तर आडव्या-उभ्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. हे तुकडे साधारण पंचवीस ते चाळीस हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे गेंड्याच्या आधी इथे शहामृग होता आणि ओल्या माळव्याच्या आधी कोरडा माळवा होता. माणूस दोन्हीत होता. कोरड्या काळात तो अंड्याचे कवच घासून गळ्यात मणी घालत होता आणि ओल्या काळात गेंड्यामागे भाले घेऊन धावत होता.

काही विद्वान हे कबूल करायला तयार नव्हते. शहामृग भारतात कुठून येणार, कवच दुसऱ्याच कुठल्या पक्ष्याचे असेल, अशी शंका पुष्कळ काळ घेतली गेली. तिचे पुढे काय झाले ते शेवटी येईल.

हरिभाऊ स्वतः फक्त अश्मयुगात रमणारे नव्हते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सची शिष्यवृत्ती घेऊन ते युरोपात गेले, तिथल्या चित्रित गुहा पाहून आले. परतल्यावर १९६४ साली उज्जैनच्या पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर, छोट्या काळीसिंधच्या काठी, कायथ्याचे पांढरीचे टेकाड त्यांच्या नजरेत आले. कायथा म्हणजे वराहमिहिराचे कपित्थक असे सांगतात. टेकाडावर गाव वसलेले आणि खाली चार हजार वर्षांचा इतिहास. हरिभाऊंनी तिथे खणले, मग १९६८ साली डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी. सर्वांत खालच्या वस्तीत जे निघाले ते पाहून आमच्या घरच्या मंडळींना दागिन्यांचे दुकानच आठवले: मडक्यांत घालून ठेवलेल्या तांब्याच्या २८ बांगड्या, अकीक आणि इतर रंगीत दगडांच्या १७५ आणि १६० मण्यांच्या दोन माळा, आणि शिवाय मोहरीएवढे बारीक सुमारे ४०,००० मणी. शिवाय तांब्याच्या साच्यात ओतलेल्या सुबक कुऱ्हाडी.

एवढा ऐवज मडक्यात घालून कोण सोडून जाते? ज्याला परत यायचे असते तोच. पण ते आले नाहीत. कायथ्याच्या त्या पहिल्या वस्तीवर वस्तीहीन मातीचा थर आहे, म्हणजे काही काळ तिथे कोणी राहत नव्हते. नंतर राजस्थानच्या बाजूचे, पांढऱ्या नक्षीची काळी-तांबडी भांडी वापरणारे लोक येऊन वसले. पहिले लोक का गेले यावर भूकंपापासून अनेक तर्क झाले आहेत. आम्ही इथे लोणारचा दाखला जोडू इच्छितो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने झालेल्या, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या विवरातले. त्याला बाहेर वाहून जायला वाट नाही, त्यामुळे पाऊस कमी-जास्त झाला की त्याची पातळी आणि खारेपणा लगेच बदलतो. पावसाची वही ठेवायला याहून चांगला कारकून नाही. त्याच्या तळाचा गाळ काढून अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी मध्य भारतात पाऊस दीर्घ काळ मागे पडला होता. कायथ्याची पहिली वस्ती याच अवधीतली. दुष्काळाने त्यांना हुसकले असे यावरून सिद्ध होत नाही. उलटही असू शकेल: बाहेर कोरडे पडले म्हणूनच लोक माळव्याच्या काळ्या जमिनीकडे आले असतील, कारण ही जमीन पावसाळ्यातली ओल हिवाळ्यापर्यंत धरून ठेवते आणि पाटाच्या पाण्याशिवाय गहू देते. हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. आमचा स्वतःचा कल या दुसऱ्या बाजूकडे आहे.

याच कायथ्यावर खणलेल्या ढवळीकरांनी पुढे पुणे जिल्ह्यात इनामगावला, घोड नदीच्या काठी, वर्षानुवर्षे काम केले. तिथल्या शेतकऱ्यांनी पुराचे पाणी शेताकडे वळवण्यासाठी बांध आणि पाट काढला होता. तरीही इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चौकोनी ऐसपैस घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती मागे पडली, मेंढपाळी वाढली. ढवळीकरांनी त्याचे कारण कोरडे होत गेलेले हवामान असे मांडले. माळव्यातल्या टेकाडावर पडलेला प्रश्न महाराष्ट्रातल्या टेकाडावर असा पुढे गेला. या प्रश्नावर मराठी माणसांनी किती काम केले आहे याची आपल्या घरांत फारशी वाच्यता होत नाही, ती व्हावी म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले.

बाकी उत्खनने नुसती नावे घेऊनच पुढे जातो: महेश्वर-नावडाटोली, मंदसौर, दंगवाडा, रुनिजा. एक मात्र आपल्या दारातले. १९७४ साली हरिभाऊंनी इंदुरातच आझादनगरला उत्खनन केले आणि तिथे ताम्रपाषाण युगाची, म्हणजे साधारण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची, वस्ती निघाली. इंदूर हे होळकरांनी वसवले असे आपण बोलून जातो. पण खान नदीच्या काठी त्याआधी तीन हजारांहून अधिक वर्षे कोणीतरी चूल पेटवत होते. आझादनगर आज दाट वस्तीचे आहे. राऊ-महूच्या रस्त्याला गेल्या वीस वर्षांत किती टेकाडे सपाट होऊन कॉलन्या उठल्या हे आपण सारेच पाहतो आहोत. त्यांत कुठे काय होते ते आता कोण सांगणार? हरिभाऊंच्या पिशवीत नेहमी भांड्यांची खापरे असत. पावसाळ्यानंतर नांगरलेल्या शेतात, ओढ्याच्या कापात, रस्त्याच्या खणतीत ती वर येतात. आमची मंडळातल्या तरुणांना एवढीच सूचना आहे की प्लॉट घेताना पायाच्या खणतीत रंगीत खापर किंवा राखेचा थर दिसला तर तो आधी कोणा जाणकाराला दाखवावा. उज्जैनला वाकणकरांच्या नावाने शोध संस्थान आहे, तिथे त्यांचा संग्रह जपलेला आहे आणि विचारायला जागा आहे.

१९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुसऱ्याच वर्षी अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट ब्रुक्स यांच्याबरोबर भारतातल्या अश्मयुगीन चित्रांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि जगभरच्या शैलचित्र अभ्यासकांत त्यांचे नाव पक्के झाले. माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती. हरिभाऊ साठीनंतर आणखी एका आटलेल्या पाण्याच्या मागे लागले. वैदिक वाङ्मयातली सरस्वती कोणती आणि ती कुठे गेली, याचा माग काढायला १९८५च्या अखेरीस त्यांनी बरोबरच्या मंडळींसह हिमालयाच्या पायथ्याच्या आदिबद्रीपासून हरियाणा, राजस्थानमार्गे गुजरातेत सोमनाथपर्यंत कोरड्या पात्रांच्या काठाने प्रवास केला. घग्गरच्या कोरड्या पात्राकाठी हडप्पा काळातल्या वस्त्या दाटीने आहेत, हे तर कोणीच नाकारत नाही. पण ते पात्र कोणत्या पाण्याने भरत होते, हिमालयाच्या बर्फाने की केवळ पावसाने, आणि सतलज तिथून केव्हा दूर गेली, यावर संशोधक आजही दोन बाजूंनी बोलतात. काही अभ्यासांनुसार हडप्पाची नगरे वसली त्याच्या पुष्कळ आधीच सतलज दुसरीकडे वळली होती आणि नगरांच्या वेळी ती नदी पावसावर चालत होती. मग मान्सून दुबळा झाल्यावर लोक पूर्वेला यमुना-गंगेच्या बाजूला आणि दक्षिणेला गुजरातेकडे सरकले. हरिभाऊंची या बाबतची मते जास्त ठाम होती. ती सगळी टिकली असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे सर्वांत भक्कम काम भीमबेटका आणि कायथा हेच, असे आम्हाला वाटते. तरी सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने महिनाभर वाळवंटातून नदीचा तळ धुंडाळत जावे, हे मात्र त्यांच्याच स्वभावाला शोभणारे होते.

एप्रिल १९८८ मध्ये एका संमेलनासाठी ते सिंगापूरला गेले होते. तिथेच, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते मुक्कामाच्या जागी सज्जात बसून समोरच्या दृश्याचे रेखाचित्र काढत होते, असे सांगतात.

२००३ साली भीमबेटका युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. आता तिथे पायवाट आहे, आश्रयांना क्रमांक आहेत. चौथ्या क्रमांकाच्या आश्रयात जनावरांची एवढी गर्दी आहे की त्याला प्राणिसंग्रहालयाचेच नाव पडले आहे. भोपाळहून पंचेचाळीसेक किलोमीटर, राऊहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे. गेल्यास भिंती निवांत पाहाव्यात आणि मुलांना गेंडा शोधायला सांगावे.

आणि शहामृग. २०१७ साली हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या संशोधकांनी राजस्थान-मध्य प्रदेशातून मिळालेल्या जुन्या कवचांतून जनुकीय अंश काढण्यात यश मिळवले. निदान पंचवीस हजार वर्षांपूर्वीची ती कवचे शहामृगाचीच होती आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाचा सगोत्र होता. हरिभाऊ जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती.